सुई तिथे शाई

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, माणसांचे डॉक्टर. शहराचे आरोग्य अधिकारी. मी जनावरांची. त्यामुळे घरात जेवायला बसलं की आमच्या पदव्यांचं भांडण ठरलेलं. "वहिनी, तुमचे पेशंट कधी तक्रार करत नाहीत, मजा आहे तुमची," असं ते म्हणायचे. त्यावर मी म्हणायची, "चावतात की!"

त्या वर्षी मात्र एक पेशंट खरोखरच चावला. एका पिसाळलेल्या कुत्र्याने शाळेच्या दारात एका मुलीचा लचका तोडला. भाऊजींनी तिला वेळेवर सगळी इंजेक्शनं दिली, मुलगी ठणठणीत झाली. पण आरोग्य समितीच्या अध्यक्ष त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी ठराव मांडला, शहरातली सगळी मोकाट कुत्री उचलायची. पिंजऱ्याची गाडीसुद्धा ठरवून टाकली.

मी समितीची सदस्य नव्हते, पण न बोलावता गेले आणि तावातावाने बोलले. "ही कुत्री हलवलीत की मोकळ्या जागेत बाहेरची येतील, लस न टोचलेली. शंभरातल्या सत्तरांना लस टोचा, रोग पसरायची वाटच बंद होते. मला तीन आठवडे द्या."

"आणि सत्तर नाही भरली तर?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"तर गाडी बोलवा. मोजणी आरोग्य अधिकाऱ्यांनीच करावी, म्हणजे मी आकडा फुगवला असं कोणी म्हणायला नको."

बोलून तर बसले. मग मी आणि माझा कंपाउंडर तीन आठवडे जाळं घेऊन गल्लीबोळ पालथे घालत होतो. कंपाउंडरची पँट दोनदा फाटली, माझा तोल रोज सुटायचा. पण काम झक्कास चाललं होतं. गाई-म्हशींच्या लसीकरणात आमची पद्धत असते, सुई तिथे शाई. जिथे टोचलं तिथेच निळा ठिपका, म्हणजे एकाच जनावराला दोनदा टोचलं जात नाही. कुत्र्यांनाही आम्ही तसंच केलं. उजव्या मांडीत सुई, उजव्या मांडीवर निळा ठिपका.

बैठकीच्या दिवशी सकाळी भाऊजी आपल्या गाडीतून शहरभर फिरून आले आणि माझ्या दवाखान्यात मान खाली घालून उभे राहिले.

"वहिनी, शंभरात सदतीस."

बैठक चारला होती आणि पिंजऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशी निघणार होती. मी कंपाउंडरवर ओरडले, शाईच्या बाटलीवर ओरडले, भाऊजींवरही ओरडून घेतलं. मग रडू आलं, म्हणून बाहेर येऊन पायरीवर बसले.

समोर एक भुरी कुत्री उन्हात आडवी पडली होती. तिला मी स्वतः टोचलं होतं, तिच्या दातांची खूण माझ्या मनगटावर अजून होती. पण तिच्या अंगावर ठिपका नव्हता. मी शुक शुक केलं. ती उठली, वळली, आणि उजव्या मांडीवर निळाशार ठिपका!

"भाऊजी! गाडीतून तुम्हाला कुत्र्याच्या किती बाजू दिसल्या?"

"एकच. का?"

म्हणजे निम्म्या कुत्र्यांची डावी बाजूच दिसली असणार. सदतीस दुणे चौऱ्याहत्तर. मी कपाळावर हात मारला. गाईभोवती आपण फेरी मारतो, कुत्रं रस्त्यावरून एका बाजूनेच दिसतं. एवढी शिकलेली बाई, ठिपका डोक्यावर लावायचं सुचलं नाही!

आम्ही थेट शाळा गाठली. बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "फेरमोजणी? दीर-वहिनींनी घरच्या घरी?"

"तुम्हीच चला ना मोजायला," मी म्हटलं.

त्या खरंच आल्या. छत्री घेऊन, कोरी वही घेऊन. आता प्रश्न असा की झोपलेल्या कुत्र्याची दुसरी बाजू बघायची कशी? तो प्रश्न कुत्र्यांनीच सोडवला. मी कोपऱ्यावर दिसले रे दिसले, की सगळी गल्ली ताडकन उठायची आणि शेपूट घालून पळत सुटायची. पळताना दोन्ही मांड्या स्वच्छ दिसत.

"वहिनी, तुमची काय कीर्ती आहे हो!" भाऊजी पोट धरून हसत होते.

बाई मात्र गंभीरपणे हजेरी मांडत होत्या. ठिपका दिसला की "हजर", नाही दिसला की "गैरहजर". तिसऱ्या गल्लीपासून त्यांच्या "हजर"मध्ये जोर यायला लागला. बाजारामागच्या बोळात एक लंगडा कुत्रा कुठे गेला ते दिसेना, तर छत्री मिटून त्या स्वतःच त्याच्यामागे धावल्या. "हजर! हजर आहे!" त्यांचा आवाज अख्ख्या बाजाराने ऐकला.

आकडा शंभरात बहात्तरवर आला.

चार वाजता बाईंनी स्वतःचा ठराव स्वतः मागे घेतला. नवा मांडला, दर वर्षी शहराच्या खर्चाने कुत्र्यांना लस, आणि ठिपका डोक्यावर. सगळे हात वर गेले. मी दाराशी उभी होते, आपलं काम झालं म्हणून निघाले.

"थांबा वहिनी," भाऊजी उठून उभे राहिले. "एक दुरुस्ती. मी इतकी वर्षं चावलेल्या माणसांवर उपचार करतोय. माणसाला चावण्याआधीच रोग अडवणारं माणूस या टेबलाशी बसत नाही, ही आपली चूक आहे. जनावरांच्या डॉक्टरांना समितीत घ्या."

पुन्हा सगळे हात वर. बाईंनी शेजारची खुर्ची ओढली.

"बसा डॉक्टर. पुढच्या वर्षी कधी सुरुवात करायची?"

भाऊजींनी कॅलेंडर पुढे सरकवलं आणि मी भरल्या डोळ्यांनी एका तारखेवर बोट ठेवलं.