गाडीची ओसरी

झाकण दिसलं की उघडून बघायचं, ही पंचशीलाबाईंची खोड अख्ख्या अहमदपूरला ठाऊक होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून त्या रिटायर झाल्या, चौकसपणा मात्र नोकरीवरच राहिला. गॅसवाला आला की त्याला चहा पाजून रेग्युलेटर खोलून दाखवायला लावणार. दवाखान्यात गेल्या की डॉक्टरचं यंत्र मागच्या बाजूनं बघणार.

तर नांदेडच्या शोरूममध्ये त्यांचा मुलगा आनंदराज एका उंच, दांडग्या गाडीभोवती नवरदेवासारखा मिरवत होता, आणि बाई कुठं होत्या? कोपऱ्यातल्या एका लांबलचक गाडीच्या डिक्कीत कमरेपर्यंत आत शिरल्या होत्या.

"आई, बाहेर ये. लोक बघायलेत."

"बघू दे. ही कोणती गाडी म्हणायची?"

"इस्टेट. पुढून कार, मागून टेम्पो. ही लातुरात नेली तर पोरं म्हणतील, सरांनी भाजीपाल्याचा धंदा काढला."

आनंदराज लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. हातात पैसा खेळत होता आणि चौघांत उठून दिसेल अशी गाडी त्याला हवी होती. त्यात वावगं काही नाही. पण बाईंना गाडी हवी होती ती एकाच कामासाठी, आणि ते काम घरी बसलं होतं, नाकाला नळी लावून.

साहेबराव, बाईंचे मालक. सगळी उमर एसटी चालवली. कंधार, लोहा, चाकूर, उदगीर; रस्त्यावरचे खड्डे त्यांना नावानिशी ठाऊक. दोन वर्षांमागं फुप्फुसांनी दगा दिला आणि घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. विजेवर चालणारं, खोलीतल्या हवेतूनच प्राणवायू गाळून देणारं ते गुडघ्याएवढं धूड दिवसरात्र फुस्स-टक्, फुस्स-टक् करायचं. नळी पोचेल तिथवर साहेबरावांचा मुलूख. अंगणातल्या लिंबापाशी तो संपायचा.

आणि कंधारच्या पुढच्या गावात त्यांची थोरली बहीण, गुणाबाई आक्का. आई लवकर गेली तेव्हा हिनंच साहेबरावांना कडेवर घेऊन वाढवलं. आता तिची नजर गेलेली, गुडघे थकलेले. तिला गाव सोडवत नाही, ह्यांना घर सोडता येत नाही. रोज संध्याकाळी फोन. आक्का विचारायची, "कधी येतूस रं सायबू?" हे म्हणायचे, "येतो की, सवड काढून." फोन ठेवला की भिंतीकडं तोंड करून बसायचे. बाईंच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं. दोघांतलं एक आधी गेलं तर? ह्या प्रश्नानं बाईंची झोप उडवली होती.

असं नाही की प्रयत्न केला नाही. मागच्या उन्हाळ्यात भाड्याची गाडी करून सिलिंडरसकट निघाले होते. निम्म्या वाटेत सिलिंडरचा काटा भराभर खाली यायला लागला आणि साहेबरावांची नजर त्या काट्यावरून हलेना. तशीच गाडी माघारी फिरवली. त्या दिवसापासून गाडीचं नाव काढलं की ते हात जोडायचे. अँब्युलन्स करू म्हटलं तर उसळले, "जलमभर बसून गेलो आक्काच्या दारात. आता आडवा होऊन जाऊ?"

म्हणूनच त्या डिक्कीच्या कडेला बाईंना जे दिसलं, त्यानं त्या तिथंच थबकल्या. तीन पिनांचं सॉकेट. घरात भिंतीला असतं, अगदी तसलंच.

"हे कशाला?" त्यांनी विचारलं.

गाड्या विकणारा मिहिर धावत आला. पुण्याकडून नोकरीसाठी आलेला, बोलणं मधाळ. "मॅडम, हे प्लग-इन हायब्रिडमध्येच मिळतं. म्हणजे घरी प्लग लावून बॅटरी चार्ज करायची. शंभरेक किलोमीटर विजेवर जायचं, वीज संपली की पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू."

"ते कळलं. वीज आत जाते. ह्या भोकातून बाहेर येते का?"

मिहिरनं सॉकेटकडं नव्यानं बघितलं. मायलेज किती, हप्ता किती, सनरूफ आहे का, असं विचारणारे शंभर भेटले होते; हे विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. "येते ना. पिकनिकला कॉफी मशीन वगैरे लावता येतं."

"कॉफी राहू द्या. ऑक्सिजनचं यंत्र चालेल?"

आता आनंदराजही जवळ आला. त्याच्या चेहऱ्यावरची उंच गाडी हळूहळू उतरायला लागली. त्यानं माहितीपत्रक बघितलं, तोंडातल्या तोंडात हिशेब केला. "वॅटमध्ये बसतं, आई. आरामात बसतं."

मग बाईंनी प्रश्नांची सरबत्तीच लावली. ह्याच गाडीचं साधं पेट्रोल मॉडेल? त्यात हे सॉकेट नाही. पूर्ण विजेवरची गाडी? त्यात आहे. "पण वाटंत वीज संपली तर?" बाई म्हणाल्या. "एकच वीज चाकानंही खायची आणि माणसानंही खायची. कंधारच्या पुढं चार्जर कुठं शोधू?" आणि आनंदराजची ती उंच गाडी? तिच्यात चढायलाच साहेबरावांना दम लागला असता. ह्या बुटक्या लांब गाडीत डिक्की आणि बसायची जागा ह्यांच्यामध्ये भिंत नव्हती. यंत्र मागं, माणूस पुढं, हवा एकच.

"मग बुक करू?" मिहिर म्हणाला.

"कामून? जुंपल्याबिगर?"

माळेगावच्या बाजारात बैल घ्यायचा तर त्याला भरल्या गाडीला जुंपून चार पावलं चालवून बघतात. शिंगं रंगवलेली काय, कुणाचीही असतात. साहेबरावांच्या तोंडचा हा नियम बाईंनी संसारात फ्रिजपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला लावला होता. पण यंत्र तर साहेबरावांच्या नाकाला, ते नांदेडला आणणार कसं?

पुढच्या रविवारी बाई आल्या त्या मिक्सर घेऊन.

"आई, माझी इज्जत!" आनंदराज कळवळला.

"मिक्सर यंत्राहून जास्त वीज ओढतो, तूच सांगितलंस. हा चालला तर ते चाललंच." बाईंनी डिक्कीत वर्तमानपत्र अंथरलं, पिशवीतून भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ काढलं आणि खटका दाबला. घर्रर्र! शोरूम दणाणून गेली. पलीकडं एक कुटुंब गाडीसोबत फोटो काढत होतं, ते फोटो सोडून इकडं आलं. लसणाचा वास त्या थंडगार काचेच्या खोलीत असा पसरला की मॅनेजर केबिनमधून बाहेर आला आणि चिमूट घेऊन आत गेला. मिहिरनं दोनदा घेतली.

बाईंनी चटणी डब्यात भरली. खूष होत्या, पण पुरत्या नाही. "आता बॅटरी रिकामी झाल्यावर इंजिन लागतं म्हणालात. त्या वेळी ह्या सॉकेटची वीज तुटत नाही ना? दाखवा."

"मॅडम, बॅटरी फुल आहे. आत्ता कसं दाखवणार? पण नाही तुटत, खात्रीनं सांगतो."

"म्हणजे प्रयोग अर्धाच झाला," बाई म्हणाल्या. "गाडी घरी आणा."

मिहिर दोन दिवसांनी ट्रायलची गाडी घेऊन अहमदपूरला आला. येताना सगळी वाट विजेवर यायची त्याची हौस, त्यामुळं दारात पोचेस्तोवर बॅटरी निम्म्याखाली आलेली. साहेबराव लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी आधीच जाहीर केलं, "बघायची तेवढी बघा. मी बसणार न्हाई. माझ्यापायी खामखा खर्चात पडू नका."

"बसू नका," बाई म्हणाल्या. "मिहिर, बॉनेट उघडा."

त्या पूर्ण ओळखून होत्या आपल्या माणसाला. बॉनेट उघडलं आणि एसटीचा ड्रायव्हर खुर्चीत पुढं सरकला. मग उठला. नळी ताणली गेली तिथं थांबला.

"हे इंजिन. मग ते काय?"

"ती इलेक्ट्रिक मोटर, काका."

"दोन-दोन? अन् गाडी हाकतं कोण?"

"दोघं मिळून. गरज पडेल तसं."

"म्हंजी बैलजोडीच की," साहेबराव म्हणाले. "एक थकला की दुसरा ओढतो. आवाज ऐकवा तिचा."

"आवाज आतूनच ऐकू येतो," बाईंनी चेहरा सरळ ठेवून ठोकून दिलं.

नळी घटकाभर छोट्या सिलिंडरला जोडून यंत्र डिक्कीत ठेवलं, सॉकेटला लावलं. हिरवा दिवा. फुस्स-टक्. अडीनडीला ते सिलिंडर बाईंच्या मांडीवर. डॉक्टरांना त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. यंत्र चालू राहत असेल तर जा, म्हणाले होते. साहेबराव मागच्या सीटवर टेकले, वाकावं लागलं नाही की चढावं लागलं नाही. गाडी आनंदराज चालवायला बसला, शेजारी मिहिर.

"स्टँडापर्यंतच," साहेबरावांनी बजावलं.

स्टँड आला. फाटकातून एक बस बाहेर पडत होती, पाटीवर कंधार. साहेबराव तिच्याकडं बघत राहिले. बस वळली, धूळ खाली बसली तरी ते बघतच होते.

"बाबा, फिरवू माघारी?"

"तिच्या मागं घे."

"काका, ट्रायल दहा किलोमीटरचीच..." मिहिरनं सुरुवात केली. बाईंनी चटणीचा डबा त्याच्या हातात दिला. त्यानं झाकण उघडलं.

निम्मा रस्ता झाला. पुढच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा खाली येत होता आणि बाईंना तो मागच्या सीटवरून दिसत होता. मागच्या उन्हाळ्यात इथंच कुठंतरी गाडी फिरवली होती. साहेबरावांनाही आकडा दिसत होता. त्यांची बोटं बाईंच्या मनगटावर आवळली. विज्ञानाच्या बाई, जन्मभर पोरांना सांगितलं, घाबरायचं नाही, निरीक्षण करायचं. आता त्यांनाच तो आकडा बघवेना. आपण ह्या माणसाला कुठं आणून सोडलं? त्यांचा हात सिलिंडरच्या चावीवर गेला.

गाडीला बारीकसा हिसका बसला. पायाखाली थरथर झाली.

साहेबरावांनी डोळे मिटले. कान मागं.

फुस्स-टक्. फुस्स-टक्.

"लागलं इंजिन," साहेबराव म्हणाले, आणि बाईंचं मनगट सोडलं. "आता ह्या वळणानंतर खड्डा हाय, आनंद्या, उजवीकडून काढ."

आक्काच्या घरापुढं गाडी लागली, पण दार लांब होतं आणि नळी तेवढी पोचत नव्हती. साहेबराव डिक्कीच्या काठावर, यंत्राशेजारी टेकले. डिक्की गुडघ्याच्या उंचीला, पाय जमिनीला. काठीच्या आवाजाबरोबर आक्का बाहेर आली. "यष्टीचा टाइम न्हाई. कोण हाय?"

"मी हाय, आक्का."

काठी पडली. कुणी उचलून द्यायच्या आत म्हातारी हवेत हात पसरून चालत आली. हात आधी त्यांच्या डोक्याला लागले, मग कपाळाला, मग नळीला.

"ह्ये काय लावलंस नाकाला?"

"हवा हाय, आक्का. कमी पडायली होती."

"पडू दे मुडद्याची. तू आलास न्हवं." ती रडत होती आणि रडत रडतच तिनं डिक्की चाचपली, काठ, मऊ बैठक, वरचं उघडं दार, सावली. "गाडीला वसरी हाय व्हय रं ही?" म्हणत ती भावाच्या शेजारी ऐसपैस बसली.

आक्काच्या सुनेनं ज्वारीची भाकरी आणून दिली. बाईंनी मिहिरकडून डबा परत घेतला. निम्मा झाला होता.

"चटणी झ्याक हाय," आक्का म्हणाली. "कुठं वाटली, पंचशीला?"

"ह्याच ओसरीत, आक्का."

आक्काला वाटलं, थट्टा करायली. मिहिर घड्याळ बघायचं विसरला. आनंदराज बापाकडं बघत उभा होता आणि उंच गाडी त्याच्या डोक्यातून कधी गेली ते त्यालाही कळलं नाही. मधूनच इंजिन आपोआप लागायचं, थांबायचं. यंत्राची फुस्स-टक् काही तुटली नाही.

"कधी येतूस, कधी येतूस, इचारून जीभ झिजली माझी," आक्का म्हणाली. भाकरीचा तुकडा तिच्या हातातच होता. "आता दुसरंच इचारते. किती येळ बसतूस?"

साहेबरावांनी मुलाकडं बघितलं. आनंदराज पुढं जाऊन पेट्रोलचा काटा बघून आला आणि त्यानं मान डोलावली.

"टाकी भरलेली हाय, आक्का," साहेबराव म्हणाले. "बसतो."