पाय कुठे उचलतोस?

“माझा पाय? वेल्डिंग करून बसवलाय तो पेडलवर,” मुसब्बह म्हणाला आणि टेबलावरच्या दोन रॉडांपैकी जाडजूड रॉड त्याने उचलला. “हाच घाल.”

सादूनने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि परत फडक्यावर ठेवला. “पुन्हा विचारतो, अबू दलमूक. टेकडी चढताना कुठे पाय उचलतोस का?”

“मी? पोरंटोरं उचलतात पाय.”

मी लेथ बंद केलं, कारण हसू आवरत नव्हतं. अल ऐनच्या सनाइयात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, आम्हा दोघांचं हे गॅरेज. सादून बसऱ्याचा, मी हागोप, अलेप्पोचा आर्मेनियन. तो इंजिनं बांधतो, मी लेथ चालवतो आणि त्याची कटकट ऐकतो. वाळूची उभी टेकडी चढणाऱ्या गाड्या हा आमचा धंदा, आणि या धंद्यात इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने पाय उचलत असल्याचं कबूल केलेलं नाही. भर मजलिसमध्ये तसं म्हणण्यापेक्षा ही माणसं दाढी काढून देतील.

मुसब्बह, दलमूकचा बाप म्हणून सगळ्यांचा अबू दलमूक, हा नगरपालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेला, कधी कुणाशी चढ्या आवाजात न बोललेला माणूस. त्याला ही एकच हौस. पण त्याचं इंजिन दोनदा फुटलं होतं. दोन्ही वेळा पिस्टन धरून ठेवणारा कनेक्टिंग रॉड तुटला आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. तुकड्यांचा असा चेंदामेंदा झाला होता की रॉड दाबाने मोडला की ताणाने तुटला, ते सादूनलाही कळेना. इकडे मुसब्बहच्या बायकोने, उम्म दलमूकने, घरात जाहीर करून टाकलं होतं की तिसऱ्यांदा फुटलं तर ती गाडी शेळ्यांचा चारा वाहील. आणि ही बाई बोलली की बोलली.

“हे बघ,” सादून त्याला समजावत होता. “पाय दाबलेला असला की वरचा स्फोट रॉडला खाली चेपतो. तुझा टर्बो केवढा मोठा, तिथे हा जाड, इंग्रजी आय अक्षराच्या आकाराचाच हवा. पण इंजिन किंचाळत असताना पाय एकदम उचललास, तर चेपणारं कुणी उरत नाही. पिस्टन वरच्या वर सुटायला बघतो आणि रॉडला ओढतो. तिथे हा एच आकाराचा, हलका, चांगल्या बोल्टांचा. मला फक्त तुझा पाय कळू दे.”

“सांगितलं ना. वेल्डिंग.”

मुसब्बह गेल्यावर सादून बराच वेळ त्या दोन रॉडांकडे बघत बसला. “खोटं बोलतोय,” तो म्हणाला.

“मग एच घाल की.”

“आणि खरं बोलत असला तर?”

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर आम्ही मुसब्बहच्या उंटांच्या वाडीवर गेलो. तंबूत मुसब्बह, त्याचा पुतण्या हुवेरिब आणि हुवेरिबचे दोन मित्र बसले होते. टेकडीवरच्या पराक्रमांच्या गप्पा रंगात आल्या होत्या. हुवेरिबने कॉफी ओतली. सादूनने पेला घेतला, ओठांजवळ नेला आणि न पिताच समोर सतरंजीवर ठेवला.

गप्पा थांबल्या. पाहुण्याने भरलेला पेला खाली ठेवला की त्याला काहीतरी मागायचं असतं, आणि यजमानाने नाही म्हणायचं नसतं. मुसब्बहचा चेहरा खुलला. त्याला वाटलं असणार, हा गॅरेजसाठी जागा मागतोय, नाहीतर मुलीच्या लग्नाला उंट.

“पी उस्ताद,” तो छाती फुगवून म्हणाला. “जे मागशील ते दिलं.”

“पाय कुठे उचलतोस?”

मी मान खाली घातली. सादून माझा मित्र आहे, पण त्या क्षणी मला त्याचा राग आला. म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच तंबूत, त्याच्याच पुतण्यासमोर असं पकडायचं?

मुसब्बहने घसा खाकरला. “हुवेरिब, जा, खजूर घेऊन ये.”

“खजूर समोरच आहेत, काका.”

“मग पाणी आण.”

“तेही आहे.”

पेला सतरंजीवर तसाच होता. मुसब्बहने त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पावलांकडे पाहिलं.

“वर जिथे वाळू संपते ना,” तो हळू आवाजात म्हणाला, “तिथे बॉनेटच्या पुढे नुसतं आभाळ दिसतं. पलीकडे जमीन आहे की नाही, कळत नाही. तिथे पाय आपोआप वर येतो.”

“हळूहळू?”

“एकदम. विंचू चावल्यासारखा.”

“दरवेळी?”

“दरवेळी. मग लाज वाटते, म्हणून पुन्हा दाबतो. पण तोवर गाडी दमलेली असते.”

“एच,” सादून तृप्त होऊन म्हणाला आणि कॉफी एका घोटात प्यायला.

कुणी हसलं नाही. हुवेरिब कॉफीचं भांडं घेऊन तसाच उभा होता.

“काका,” तो म्हणाला, “मीही तिथेच उचलतो.”

“मी तर त्याच्या बराच आधी,” त्याचा एक मित्र म्हणाला. दुसरा नुसताच मान हलवत राहिला.

“उस्ताद,” हुवेरिबने विचारलं, “माझ्या इंजिनात कोणते रॉड आहेत?”

“तू सांगितलं होतंस तसे.”

“म्हणजे चुकीचे.”

“साफ चुकीचे.”

तेव्हा मात्र मुसब्बह हसला, आणि मग तंबूभर जे हसणं सुरू झालं ते थांबेना. बाहेरचे उंट माना वळवून बघायला लागले. सादूनवरचा माझा राग कुठल्या कुठे पळाला.

पुढच्या महिन्यात, एका शुक्रवारी मुसब्बहची गाडी एच रॉड घालून, चढाईच्या स्पर्धेसाठी टेकडीच्या पायथ्याला उभी राहिली. दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा, सतरंज्या, चहाच्या किटल्या. मी पेचकस खिशात घालून उगाच फिरत होतो. सादून मात्र वाळूत मांडी घालून, डोळे मिटून बसला होता. तो इंजिन बघत नाही, ऐकतो.

गाडी सुटली. वाळूचा फवारा उडवत ती वर गेली, आवाज चढत गेला, आणि शिखराच्या अगदी खाली एकदम तुटला. पाय उठला होता. सादूनने माझं मनगट असं आवळलं की बोटं बधिर झाली. याच क्षणी दोनदा इंजिन फुटलं होतं. मग आवाज पुन्हा आला, भरलेला, गोल, निरोगी. गाडी आणखी थोडी चढली, शिखराच्या जरा खाली थांबली आणि उलटी, सावकाश घसरत खाली आली. इंजिन चालूच होतं.

“जिवंत आहे,” सादून म्हणाला. त्याने माझ्या टकलाचा मुका घेतला. असा मूर्खपणा त्याने याआधी कधी केला नव्हता.

निवेदक मायक्रोफोन घेऊन खिडकीपाशी धावला. “अबू दलमूक, थोडक्यात हुकलं. काय झालं? गाडीने दगा दिला?”

“गाडी उत्तम आहे,” मुसब्बहचा आवाज सगळ्या टेकडीवर घुमला. त्याने मायक्रोफोन स्वतःच्या हातात घेतला. “मी घाबरलो.”

मग कुठल्यातरी सतरंजीवरून एका म्हाताऱ्याने टाळी वाजवली, आणि एकामागून एक सगळ्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले.

संध्याकाळी मुसब्बहने आम्हाला दोघांना घरी जेवायला नेलं, त्याच गाडीतून. दोनदा ती गाडी दोराने ओढत घरी आणावी लागली होती. आज तो काच खाली करून स्वतः चालवत होता. त्यांच्या गल्लीत घराघरासमोर स्पीडब्रेकर आहेत. प्रत्येक स्पीडब्रेकर आला की तो पाय पेडलवरून चांगला वर उचलायचा, आम्हाला दिसेल असा, आणि आमच्याकडे बघून हसायचा.