मेजरचा अभिषेक

टर्नरसाहेबांच्या बंगल्यात एक मासा होता आणि माझं लग्न त्या माशावर अडलं होतं. मी हे आमच्या चर्चच्या पाळकांना एकदा सांगून पाहिलं, तर त्यांनी डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना केली. पण ते खरं होतं.

मी आमोस. प्रवरेच्या कालव्यावर एक साखर कारखाना होता, टर्नरसाहेब तिथले मॅनेजर आणि मी प्रयोगशाळेत मदतनीस. गावातले लोक मला केमिस्टसाहेब म्हणत. त्यात आदर कमी आणि गंमत जास्त असे, कारण हंगाम संपला की एप्रिलात हा साहेब आपली पत्र्याची पेटी उचलून घरी जाई आणि दिवाळीनंतर पुन्हा बोलावणं येतं का, याची वाट बघत बसे. असे सहा हंगाम झाले होते. नगरला दयाचे वडील शाळेत हेडमास्तर. आमचा साखरपुडा होऊन दोन वर्षं उलटली, पण त्यांचं म्हणणं एकच होतं, "कायम झाल्याचा कागद दाखवा आणि मुलगी घेऊन जा." दया बसल्या बसल्या रुमालांवर माझ्या नावाचं अक्षर भरी. एव्हाना माझ्याकडे तसले एकोणीस रुमाल जमले होते.

मासा समुद्रातला होता. मुंबईहून पिंपात बसून रेल्वेने आला होता, सोबत स्वतःचं पाणी घेऊन. तळहाताएवढा, हळदीसारखा पिवळा, अंगावर पाच काळे पट्टे. साहेबांनी फौजेतल्या हुद्द्यासारखे पट्टे मोजून त्याचं नाव मेजर ठेवलं होतं आणि ते मोठ्या प्रेमाने घेत. माझं नाव बायबलातलं असूनही ते मला सहा वर्षं मोझेस म्हणत आले होते.

चव्वेचाळीस सालच्या मार्चमध्ये साहेब दहा दिवस मुंबईला निघाले. समुद्राचं ताजं पाणी भरून आणायला काचेच्या मोठ्या बरण्याही त्यांनी बरोबर घेतल्या, म्हणजे मागे खाऱ्या पाण्याचा थेंब राहिला नाही. जाताना म्हणाले, यंदा कायमच्या यादीत एकच नाव घालता येणार आहे. मी परत येईन तेव्हा मेजर आहे तसा दिसला, तर तुझं बघू, मोझेस. उसाच्या रसात गोडी किती आहे हे मोजायची एक तरंगणारी, आकड्यांची काचेची नळी असते, तिला ब्रिक्स म्हणतात. ती नळी मेजरच्या पाण्यात सोडली की आकडा सहा यायचा. गोडी मोजायच्या नळीने खारटपणाही कळतो, हा माझाच शोध, आणि त्या शोधापायीच हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी बंगल्यावर गेलो, तर मेजर आडवा. काचेच्या पेटीच्या तळाशी एका कुशीवर पडलेला, रंग उडून फिका झालेला, कल्ले भात्यासारखे उडताहेत. पेटीशेजारी बंगल्यात पाणी भरणारी साळूबाई पदराने हात पुसत उभी होती. पन्नाशीची बाई, कालव्यापलीकडच्या वस्तीवरची, तीही माझ्यासारखीच हंगामापुरती.

"साळूबाई, काय केलंत?"

"काय न्हाई वं दादा. त्येचं पानी बदाललं निम्मं. चाखून बगितलं म्या काल. आरं बाबा, तोंडात धरवंना! म्हनलं, ह्यो मुका जीव त्यातच ऱ्हातोय आन् त्येच पितोय. चार घागरी काडून झाडाला घातल्या आन् रांजनातलं गार गोडं पानी वतलं."

मी कपाळावर हात मारला आणि तोंडाला येईल ते बोललो. बाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, कालवा आला आन् आमची हीर खारी झाली. दोन म्हशी गेल्या त्या पान्यापायी. मला काय ठावं, खाऱ्यात जगनारं बी कुनी आसतंय?"

आमच्या मुलखात गोड्या पाण्याची घागर देण्याहून मोठं पुण्य नाही. बाईने ते मनोभावे केलं होतं आणि त्यातच माझं लग्न बुडालं होतं. मी ब्रिक्स घातली. आकडा तीन.

मग मी माझी विद्या दाखवली. स्वयंपाकघरातून मूठभर खडेमीठ आणलं आणि थेट पेटीत टाकलं. मेजर उसळला, काचेवर आपटला आणि दुप्पट जोराने धापा टाकायला लागला. दुसरी मूठ टाकायला मी हात उचलला, तो साळूबाईने मनगटच धरलं.

"थांबा. मारताय का त्याला? पाच दिवसाच्या उपाशी मानसाला एकदम भाकरी देत्यात व्हय? आदी पेज देत्यात. म्या पापिनीनं एकदम गोडं घातलं, आन् तुमी आता एकदम खारं घालताय."

मला राग आला तो याचा, की ती बरोबर बोलत होती. पाणी एका झटक्यात बदललं म्हणून तर मासा आजारी पडला होता. ते परत आणायचं तर हळूहळू, थेंबाथेंबाने. पण चार दिवस थेंब टाकत तिथे कोण बसणार? प्रयोगशाळेत मला रसाचे नमुने तपासायचे होते.

"महादेवाला गळती लावत्यात तशी लावू की," साळूबाई म्हणाली आणि निघालीच. तासाभराने ती वस्तीवरच्या देवळातली गळती घेऊन आली. पिंडीवर टांगतात ते बुडाला भोक असलेलं भांडं, तांब्याचं, घासून लखलखीत केलेलं. तांबं खाऱ्या पाण्यात उतरलं तर मासा उरणार नाही, एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं. या सगळ्या प्रकरणात माझं शिक्षण कामाला आलं ते एवढंच. ती न कुरकुरता परत गेली आणि उन्हाळ्यात लावतात ते मातीचं मडकं घेऊन आली.

"गुरवानं दिलं?" मी विचारलं.

"कुरकुर केली त्यानं. म्या म्हनलं, देवाला चार दिस थांबाया येतंय. ह्येला न्हाई येत."

मी मिठाचं पाणी करून प्रयोगशाळेच्या फडक्यातून दोनदा गाळलं, कारण खडेमिठात माती फार. साळूबाईने मडक्याच्या भोकात कापसाची वात बसवली. साहेबांच्या टोप्या टांगायच्या खुंटीला दोरी बांधून आम्ही मडकं पेटीवर टांगलं आणि साहेबांच्या मेजरवर महादेवाचा अभिषेक सुरू झाला. आमच्या पाळकांनी हे पाहिलं असतं तर त्यांनी आणखी बराच वेळ प्रार्थना केली असती.

पेटी वरपर्यंत भरू नये म्हणून जेवढं पाणी पडे तेवढं साळूबाई काढून घेई. काढलेलं पाणी आता ती झाडाला घालत नव्हती. अधूनमधून लोट्याने पेटीतलंच पाणी वर उचलून बारीक धारेने परत सोडी, म्हणजे त्यात वारा मिसळे. पेटीला आम्ही साखरेचं धुतलेलं पोतं गुंडाळलं, कारण उजेड आणि माणसाची सावली दोन्हींनी मेजर दचकत होता. खाणं बंद. फाटकावरचा गोरक्ष पहारेकरी मढीच्या कानिफनाथाचा अंगारा घेऊन आला आणि चिमूटभर पाण्यात टाकू द्या म्हणून हटून बसला. शेवटी त्याच्या समाधानासाठी मी तो माझ्याच कपाळाला लावून घेतला. मग आत कोणालाच येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेजर सरळ झाला, पण दगडामागे तोंड खुपसून राहिला. ब्रिक्स चार. तिसऱ्या दिवशी पट्टे पुन्हा काळे दिसायला लागले. मी रोज सकाळी पोत्याचा कोपरा उचलून बघायचो, आणि ते प्रेमाने बघत होतो असं म्हणवत नाही. मला पेटीत मासा दिसतच नव्हता, मला हेडमास्तरांचा चेहरा दिसत होता. साळूबाईला मात्र मासा दिसत होता. ती त्याच्याशी बोलायची. "चुकलं बाबा माजं," म्हणायची, "खा, प्या, ऱ्हा तुज्या खाऱ्यात." पाचव्या दिवशी ब्रिक्स सहावर आली. तिने सुकटीचा एक कण बोटावर धरून पाण्यात बुडवला आणि मेजरने तो बोटावरून उचलून खाल्ला. मी ओरडलोच. ती ओरडली नाही, ती खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावून रडली.

साहेब दहाव्या दिवशी आले. तोवर मडकं महादेवाकडे परत गेलं होतं, पोतं सोडलं होतं, खुंटीवर पुन्हा टोपी होती. मेजर हळदीसारखा पिवळा. साळूबाईने सवयीने पाण्यात बोट घातलं, तसा तो धावत तिच्या बोटाशी आला. साहेब पाहतच राहिले. इतकी वर्षं खाऊ घालून तो त्यांच्या बोटाशी कधी आला नव्हता.

मग ते माझ्याकडे वळून हसत म्हणाले, बघ मोझेस, दहा दिवसांत काहीसुद्धा झालं नाही. मीच उगीच घाबरत होतो. याला केमिस्ट कशाला हवा? याला हवा प्रेमाचा हात. कायमच्या यादीत यंदा या बाईचं नाव घालतो. तुझं पुढच्या हंगामात पाहू.

एवढं बोलून ते कागद आणायला आतल्या खोलीत गेले. काही झालं नाही, असं दिसावं म्हणून मी सहा दिवस राबलो होतो, आणि ते इतकं छान जमलं होतं की खरोखरच काही झालेलं नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. "साहेब, हिनेच त्याला मरायला टाकलं होतं, वाचवला मी." निम्मं खरं होतं ते, आणि कागदाला निम्मं खरंही पुरतं. साळूबाई लोटा हातात धरून दाराशी उभी होती. इंग्रजी तिला कळत नव्हतं, ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती.

हंगाम संपायच्या दिवशी दुपारी ती लोट्यात मेजरचं पाणी घेऊन प्रयोगशाळेत आली. रोजच यायची. आकडा मला वाचता येई, तिला नाही. मी माझी पेटी भरत होतो. एक जुनी ब्रिक्स काढून मी सहाच्या खुणेवर लाल दोरा बांधला आणि तिला दाखवलं, दोरा पाण्याच्या बरोबरीला आला की ठीक. दोरा वर राहिला तर गोडं घाला, पण वाटीवाटीने. दोरा बुडाला तर गळती. अशा रीतीने कारखान्याला माझी जी काही गरज होती ती मी दोऱ्याने बांधून तिच्या हातात दिली.

"दादा, कायम म्हंजी काय वं?" तिने विचारलं.

"म्हणजे आता तुम्हाला कोणी काढणार नाही."

"आन् तुमाला?"

"मी आज चाललो."

तिने लोटा टेबलावर ठेवला. "म्या पानी वतलं हुतं, ते सायबाला सांगितलं न्हाई तुमी?"

"नाही."

"का?"

खोटं मला तिच्यापुढे जमेना. "सांगणार होतो. तेवढ्यात साहेब आतल्या खोलीत गेले."

साळूबाईने लाल दोरा एकदा बोटाने चाचपला. मग म्हणाली, "त्या खोलीचं दार तर उगडंच हुतं, दादा."

मी पेटीचं झाकण लावलं. वर घडी करून ठेवलेला दयाचा विसावा रुमाल बाहेरच राहिला होता, तो खिशात घातला.