अडवलेला घास

माझे साडू मला कधी चहासुद्धा पाजत नाहीत. त्यामुळे त्यांनी शहरातल्या सगळ्यात महागड्या सुशीच्या ठिकाणी जेवायला बोलावलं, तेव्हाच मी ओळखलं की आज कापला जाणारा मासा मी आहे.

विषय उघड होता. आमचे सासरे, ज्यांना आम्ही दोघे जावई आप्पा म्हणतो, राहतात ती इमारत महिनाअखेरीला पाडणार होते. आप्पांनी थोरल्या लेकीकडे, म्हणजे साडूंकडे, जायचं की धाकटीकडे, म्हणजे आमच्याकडे, एवढंच ठरवायचं होतं. आप्पाही बरोबर होते. बायकांना साडूंनी मुद्दाम घरी ठेवलं होतं. त्या आल्या असत्या तर काहीतरी ठरलं असतं.

दुकानाला पाटी नव्हती. दार इतकं ठेंगणं की प्रत्येकाने वाकूनच आत यायचं. बिल बघून वाकण्यापेक्षा आधीच वाकलेलं बरं, असा विचार असावा. आत एक लांब लाकडी फळी, अलीकडे आठ खुर्च्या, पलीकडे शेफ. दारातल्या बाईंनी नियम सांगितले: फोन बंद, आवाज हळू, मेनूकार्ड नाही, शेफ देतील ते खायचं, पुढ्यात आलं की लगेच खायचं, आणि आठही जणांनी खाल्ल्याशिवाय पुढचा घास वळला जाणार नाही.

"म्हणजे अगदी लेकींच्या घरासारखं," आप्पा म्हणाले.

साडूंनी आप्पांना मध्ये बसवलं. उरलेल्या पाच खुर्च्यांवर मोत्यांची माळ घातलेल्या एक बाई, त्यांचे गप्प यजमान, एक नवं जोडपं आणि एकटाच आलेला एक टकलू.

शेफने कोमट भात मुठीत हलकेच दाबला, वर माशाचा काप ठेवला.

"ट्यूना," साडू म्हणाले. "हा आधी डोळ्यांनी खायचा असतो."

"मग तोंडाला कशाला त्रास देता?" मी म्हणालो.

साडूंचा घास काड्यांतून सुटून त्यांच्या टायवर पडला. आप्पांनी आपला घास सरळ दोन बोटांनी उचलला आणि खाल्ला.

दुसऱ्या घासाला साडूंनी मुद्द्याला हात घातला. "आप्पा आमच्याकडे आले असते तर मी धन्य झालो असतो. पण आम्ही पडलो विसाव्या मजल्यावर. आप्पांना लिफ्टचा त्रास होतो."

"कधी झाला?"

"होईल ना! तुमचा कसा, छान तळमजला."

"तळमजला आहे, पण खोल्या दोनच. आणि माझं नि आप्पांचं पाच मिनिटं पटत नाही. मला नकोत."

"शोभतं का हे? वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडावर?"

"तुम्ही पाठीमागे म्हणता, मी तोंडावर म्हणालो."

"जीभ आवरा!"

"माझी कोरडी आहे. तुमच्या जिभेवरून मध गळतोय, तो आवरा, टायवर पडेल."

मोत्यांच्या माळेने "शुक्!" केलं.

तिसरा घास आला. बाकी सगळ्यांनी खाल्ला. आप्पांनी हाताची घडी घातली.

"घ्या ना आप्पा," साडू म्हणाले.

"आधी ठरवा, पुढच्या महिन्यात मी झोपायचं कुठे."

आप्पा रेल्वेत गार्ड होते. त्यांनी हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय अख्ख्या आयुष्यात एक गाडी हलली नव्हती. आता शेफ सुरी खाली ठेवून उभा होता आणि आठ खुर्च्यांची गाडी जागच्या जागी.

"आजोबा, खाऊन टाका हो," टकलू म्हणाला. "सगळे खोळंबलेत."

"सिग्नल पडलेला नाही," आप्पा म्हणाले.

मग मोत्यांची माळ आमच्याकडे वळली. "दोन दोन धडधाकट जावई, आणि म्हाताऱ्याला कोपरा मिळत नाही? न्या की कुणीतरी! आम्हाला पुढचा घास मिळू दे."

साडूंना चारचौघांत वाईट दिसण्याची भारी धास्ती. ते ताडकन उभे राहिले. "आप्पा माझ्याकडे येतील! तळहातावरच्या फोडासारखं जपीन!"

नव्या जोडप्याने टाळ्या वाजवल्या. साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच हरलो. मला आनंदच झाला.

"घ्या आप्पा," मी म्हणालो, "मिटलं."

आप्पांनी माझ्याकडे तोंड केलं. "धाकटे, तुमचं काय?"

"नको म्हटलं ना."

"अजूनही?"

"अजूनही. राहायला आलात की तुम्ही पहाटेपासून खाकरता, पेपर आधी पळवता आणि शब्दकोडं चुकीचं भरून ठेवता."

"चुकीचं तुम्ही भरता."

"हे बघा! हेच!"

आप्पांनी घास उचलला, सावकाश चावला, बोटं पुसली. "ठरलं. धाकट्यांकडे."

साडूंच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, मग घाईघाईने दुःख आलं. "अहो, पण मी एवढ्या आनंदाने…"

"म्हणूनच. तुमच्याकडे सकाळी उपकार मानायचे, आणि संध्याकाळी पाहुण्यांसमोर पुन्हा मानायचे. आज दारात वाकलो तेवढं पुरे झालं. यांच्याकडे निदान ताठ मानेने भांडता येईल."

"मला विचारलंत का?" मी ओरडलो.

"तुम्हाला आवडणार नाही, हे तुम्ही सांगितलंतच. मलाही आवडणार नाही. फिट्टंफाट."

चौथा घास आला. सात जणांनी खाल्ला. मी हाताची घडी घातली.

शेफने सुरी खाली ठेवली. टकलूने उसासा टाकला. मोत्यांच्या माळेकडे तर बघवत नव्हतं. साडू मात्र पहिल्यांदाच मनापासून हसत होते.

"खा धाकटे," आप्पा म्हणाले. "माझी झेंडी वेगळी. तुमची कोण बघतो?"

मी घास तोंडात कोंबला. आत वासाबीचा गोळा होता. नाकातून डोक्यात गेला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गैरसमज नको म्हणून मी आप्पांना लगेच सांगितलं, की हे तिखटाचं आहे.

"माहीत आहे," ते म्हणाले. "शब्दकोडं मी सोडवणार."

"चुकीचं," मी म्हणालो.

मोत्यांच्या माळेने पुन्हा "शुक्!" केलं.