खालचा टरेट

“हात नको लावू त्याले,” ओमेश पटले म्हणाला.

रचना रामटेकेनं मशीनच्या पॅनेलवरचा हात काढला नाही. “काऊन? सेठजीनं मले याच कामाले ठेवलं ना, काकाजी?”

“तुले कॅम्प्युटरवर ठेवलं. मशीन माही आहे.”

मशीन अर्थातच नंदलाल सेठची होती. राइस मिलचे सुटे भाग करून सेठ कंटाळला होता. बुटीबोरीच्या एका कंपनीनं हायड्रॉलिक व्हॉल्व्हचं काम देऊ केलं आणि त्या जोरावर २०११ साली त्यानं ही सेकंडहँड मशीन आणून गोंदियाला मुर्रीच्या रस्त्यावरच्या शेडमध्ये बसवली. साध्या लेथवर लोखंड नुसतं गोल कातलं जातं. ही त्याच तुकड्याला आडवी भोकं पाडायची, खाचा मारायची आणि तुकडा पकडणाऱ्या एका चकातून दुसऱ्या चकात आपणच द्यायची. हत्यारं धरणारी दोन डोकी होती, वरचा टरेट आणि खालचा टरेट. दोघं एकाच वेळी काम करत. एक वेळेवर थांबला नाही तर दुसऱ्यावर आदळणार हे ठरलेलं.

दोघांची वेळ जमवणारा प्रोग्राम ओमेश पॅनेलसमोर उभा राहून एकेक आकडा दाबत हातानं लिहायचा. चांगला लिहायचा, पण नव्या पार्टला आठवडा घ्यायचा आणि तेवढे दिवस शेडमध्ये कोणाला मोठ्यानं बोलू द्यायचा नाही. त्याचा तोरा त्या आठवड्यावरच उभा होता.

कंपनी सारखे नवे पार्ट देणार होती. म्हणून सेठनं कॅम सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. त्याला ड्रॉइंग द्यायचं, प्रोग्राम त्यानं लिहायचा. ते चालवायला नागपूरला शिकून आलेली मुर्रीची रचना ठेवली. जात कोणी विचारली नाही. रामटेके म्हटल्यावर विचारायचं काही उरलं नव्हतं. पहिल्याच दिवशी ओमेशनं आपला चहाचा ग्लास कपाटात ठेवून कुलूप लावलं. रचनानं ते पाहिलं आणि त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

दोन सॉफ्टवेअर बघायला आली. एकाचा पडदा जुनाट दिसायचा, पण त्यांचा माणूस म्हणाला, तुमच्या मशीनला समजेल असा प्रोग्राम निघेल ही जबाबदारी आमची, पहिला जॉब बाहेर पडेपर्यंत मी गोंदिया सोडत नाही. दुसरं घेऊन पुण्याचा एक तरुण आला. त्याच्या पडद्यावर सगळं रंगीत आणि गुळगुळीत फिरत होतं. सेठचं तोंड उघडंच राहिलं.

“याच्यात खालचा टरेट चालताना कुठं दाखवला?” रचनानं विचारलं.

“तेही आहे मॅडम,” पुण्याचा म्हणाला आणि पुढचं चित्र लावलं.

“सेठजी, ते पहिलंच घ्या. ते लोक मशीनजवळ उभे राहून देऊन राहिले.”

सेठ ओमेशकडं वळला. “पटले, मशीन तुम चलाते हो. तुम बोलोगे वही लेंगे. फिर तुम्हारा भी सिरदर्द खतम, ये लडकी सब कर लेगी.”

शेवटलं वाक्य सेठ चांगल्या मनानं बोलला. तेच नडलं.

ओमेशनं पुण्याच्या माणसाला बाहेर केवलरामच्या टपरीवर नेलं. “खरं सांगा. खालचा टरेट चालते का याच्यात?”

तरुणानं इकडंतिकडं पाहिलं. “पुढच्या व्हर्जनमध्ये येतोय. तोवर खालच्याचं तुम्हाला हातानं लिहून जोडावं लागेल. तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला काय अवघड आहे?”

केवलराम चहा गाळत होता. ओमेशनं चहा सावकाश संपवला. हातानं लिहावं लागेल म्हणजे त्यालाच लिहावं लागेल. पोरगी अर्ध्यावर अडकेल आणि त्याच्या तोंडाकडं बघत बसेल. तो आत गेला.

“सेठजी, पुण्याचंच घ्या. ते दुसरं बेकार आहे.”

“खालच्या टरेटचं इचारलं का?” रचना म्हणाली.

“इचारलं. चालते.”

तो जराही अडखळला नाही.

सेठनं पुण्याचंच सॉफ्टवेअर घेतलं. पुढं ओमेशनं मनात मांडलं होतं तसंच झालं. वरच्या टरेटचा प्रोग्राम रचना दुपारपर्यंत काढायची आणि खालच्याशी येऊन अडायची. पुण्याला फोन लावायची. तिकडून पुढच्या व्हर्जनचं नाव ऐकायची. मग नाइलाजानं ओमेशसमोर उभी राहायची.

“काकाजी, खालचं लिहून देता का?”

“दिसत नाही का? जेवून राहिलो मी.”

त्याचा डबा फार वेळ चालायचा. कंपनी ड्रॉइंग बदलायची तेव्हा सगळं पुन्हा जोडावं लागायचं. सेठ तिच्यावर ओरडायचा, “सॉफ्टवेअर मेरा, मशीन मेरी, तेरी तनखा किस बात की?” ओमेश खाली मान घालून ऐकायचा आणि त्याला बरं वाटायचं. संध्याकाळी गोंदियाजवळच्या गोरेगावला घरी जाऊन बायकोला सांगायचा, “सेठले समजलं आता, कोणाच्या भरोशावर शेड चालून राहिलं ते.”

“त्या पोरीनं तुमचं काय बिघडवलं?” अंजू विचारायची.

“तुले नाही समजत.”

मग कंपनीनं एका खाचेची जागा बदलली. रचनानं वरचा प्रोग्राम नवा केला. ओमेशनं खालचा जुनाच जोडला. खालच्यानं थांबायची जागा बदलायची राहून गेली. दोन्ही टरेट एकमेकांवर गेले. त्या आवाजानं केवलराम टपरी सोडून धावत आला. चूक ओमेशची होती. ओरडा रचनाला बसला, आणि ओमेश गप्प राहिला.

दुरुस्तीत महिना गेला, त्या महिन्यात ऑर्डर गेली. दुसरं सॉफ्टवेअर घेण्याचं नाव काढताच सेठनं हात जोडले. मशीन नागपूरच्या एका वर्कशॉपनं घेतली. त्यांच्याकडं ते जुनाट पडद्याचं सॉफ्टवेअर आधीपासून होतं. मशीन बघायला आलेल्या माणसानं रचनाशी तासभर बोलून तिलाही कामावर घेतलं. ओमेशला कोणी विचारलं नाही.

ट्रेलर आला त्या सकाळी ओमेश मशीनच्या पोटात वाकून टरेटखाली लाकडी ठोकळे घालत होता, वाटेत हलू नये म्हणून. रचना येऊन शेजारी उभी राहिली.

“टपरीवर तुम्ही त्या पुण्याच्या माणसाले काय इचारलं अन् तो काय बोलला, ते केवलरामनं मले सांगतलं,” ती म्हणाली. “त्याच हप्त्यात.”

ओमेशनं ठोकळा आत सारत विचारलं, “मंग सेठजीले काऊन नाही सांगतलं?”

“सांगतलं. त्यांनी मलेच झापलं. म्हणे, पटले इतने साल से है, पटले झूठ नहीं बोलता. पुन्हा त्याचं नाव घेतलं तर घरी बस.” तिनं पर्स खांद्याला लावली. “सेठजी तुमाले काढणारच नव्हते, काकाजी. मले काढलं असतं, तुमाले नाही.”

तिचा आवाज चढला नव्हता. ओमेशला वाटलं, तिनं ओरडावं, शिव्या द्याव्यात, म्हणजे आपल्यालाही काही बोलता येईल. ती गेली. क्रेनवाला साखळी घेऊन आत आला आणि बाजूला व्हायला सांगू लागला.

दुपारी शेडचा मधला भाग मोकळा पडला. मशीनचे बोल्ट उपसून काढले होते, तिथं जमिनीत खोल भोकं राहिली होती. सेठ म्हणाला, “पुराना लेथ यहाँ ले लेंगे, पटले. तुम ही सँभालो.” ओमेशनं घमेल्यात सिमेंट कालवलं आणि उकिडवा बसून एकेक भोक भरायला घेतलं. शेवटचं भरून होत होतं तेव्हा सेठ केबिनबाहेर आला.

“बघून घ्या सेठजी, बरोबर बसलं का ते,” ओमेश म्हणाला.

“पटले के हाथ का काम है, देखना क्या,” सेठ म्हणाला आणि न बघताच बाहेर निघून गेला. ओमेश ओल्या सिमेंटवरून थापी फिरवत राहिला.