अठरा श्वास

मुलं लहान आहेत म्हणून मी नर्सिंग सोडलं, असं सगळ्यांना वाटतं. नवऱ्यालाही तेच सांगितलंय. खरं कारण सातव्या खाटेवरच्या आजी. भर दुपार, बत्तीस पेशंट, आम्ही दोघीच. आजींचे श्वास न मोजताच मी चार्टवर नेहमीचं अठरा लिहिलं. तेव्हा सगळ्याच तसं लिहायच्या. तासाभरात आजी गेल्या. चार्ट बघून डॉक्टर म्हणाले, "अचानकच झालं." मी मूग गिळून गप्प बसले. त्याला अकरा वर्षं झाली, आणि अजूनही मला माझी चीड येते.

आता नवऱ्याची नोकरी गेली, म्हणून मी पंधरा दिवसांच्या उजळणी प्रशिक्षणाला आले. शेवटच्या दिवशी परीक्षा. नापास झाले तर पुढच्या परीक्षेपर्यंत सहा महिने घरी.

सरावासाठी खाटेवर एक रबरी पुतळा होता. बायका त्याला जावईबापू म्हणायच्या, कारण सगळ्यांनी राबायचं आणि हा नुसता पडून. यंत्र लावलं की त्याची छाती वरखाली व्हायची.

"एकेकीने आत जायचं, श्वास मोजायचे, लिहायचे," निवृत्तीला टेकलेल्या मॅडम म्हणाल्या. माझ्याआधीच्या आठजणी अर्ध्या मिनिटात हसत बाहेर आल्या.

मी पुतळ्याचं मनगट धरलं. पेशंटला वाटलं पाहिजे, आपण नाडी बघतोय. नाहीतर तो मुद्दाम श्वास घेतो. पुतळ्यापुढे हे सोंग कशाला? पण हाताची सवय जात नाही. एक डोळा घड्याळावर, एक छातीवर.

छाती वर आली. मग बराच वेळ काहीच नाही. पुन्हा वर आली, घशात घरघर झाली. मिनिटाला चार. परत मोजले. चारच. मी चार लिहिलं.

मॅडमनी आत येऊन चार्ट पाहिला. "चार कुठून आणलेस?"

"मोजले."

त्यांनी वाकून खाटेखालचा प्लग उचलून दाखवला. "यंत्र सकाळपासून बंद आहे. आठजणींनी डोळे झाकून अठरा लिहिलं, आठही नापास. मला शून्य हवं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू निदान दोन मिनिटं थांबलीस. चार खोड, शून्य लिही. मी सही करते."

मी पेन टेकवलं. एक शून्य काढायचं, की उद्यापासून नोकरी. नवरा फोनची वाट बघत असेल. तेवढ्यात खाटेवर ती छाती पुन्हा वर आली. मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

"मॅडम, श्वास चालू आहे. पण पुरत नाहीये."

"अगं, रबर आहे ते. लिही आणि मोकळी हो."

एकदा न बघता लिहिलं होतं. आता बघूनही खोटं लिहायचं? मी पेन ठेवलं. पुतळ्याची हनुवटी वर केली, उशाशी ठेवलेला मास्क तोंडावर घट्ट धरला आणि श्वास द्यायची पिशवी दाबायला लागले.

"वेळ संपली," मॅडम म्हणाल्या. मी थांबले नाही. माझा चार्ट घ्यायला त्या जवळ आल्या आणि खाटेवर वाकल्या. पारदर्शक मास्कच्या आत वाफ धरली होती. त्यांच्या हातात अजून प्लग होता.

तो त्यांनी खाली ठेवला. मग त्यांनी पुतळ्याचं मनगट धरलं.

"हळू दाब," त्या म्हणाल्या. "मी मोजते."