मधला बाक

"बाबा, तुम्हाला थोरले काका मारतात ना?"

हा प्रश्न खरं तर माझ्या दोन मैत्रिणींचा. बाबांचा डोळा या वर्षात तिसऱ्यांदा काळानिळा झाला होता आणि दर वेळी ते "बोटीचा पत्रा लागला" म्हणायचे. "बोट आहे की बॉक्सर?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "हिंमत असेल तर विचारून दाखव." मला कुणी असं म्हटलं की संपलंच!

जागाही मी झकास निवडली होती. आमची मासेमारीची चौदा फुटी ॲल्युमिनियमची बोट शेडमध्ये दोन लाकडी घोड्यांवर पालथी होती आणि मी तिच्या पोटात. पत्रे जोडणारे रिव्हेट पाणी गळायला लागले की ते काढून नवे बसवायला दोघं लागतात. बाबा बाहेरून हातोडी मारणार, मी आतून रिव्हेटच्या टोकावर लोखंडी ठोकळा दाबून धरणार. एकमेकांचं तोंड दिसत नाही, म्हणून खुणा ठरलेल्या. एकदा टक म्हणजे धर, दोनदा म्हणजे सोड. थोडक्यात, प्रश्न मी पत्र्यालाच विचारला.

हातोडी थांबली.

"कोण म्हणालं?"

"कोणी का म्हणेना. मारतात की नाही?"

टक टक. सोड.

मी कुठली सोडतेय! पण तेवढ्यात शेडचं दार धाडकन उघडलं आणि काकांचा आवाज आला. बाबांनी पत्र्यावर हळूच एकदा वाजवलं. म्हणजे आहेस तिथेच थांब.

"मधला बाक अजून कापला नाहीस?"

बोट दोघा भावांची, हुकूम मात्र काकांचा. त्यांना मधला बाक उडवून पुढपासून मागपर्यंत सपाट प्लायवूड हवं होतं. वर फिरती खुर्ची ठोकायची आणि साहेबासारखं गळ टाकत बसायचं.

"दादा, तो बाक नुसता बसायला नाही," बाबा म्हणाले. "त्यानं दोन्ही बाजू धरून ठेवल्यात. आत फोम आहे, पाणी भरलं तरी बोट तरंगते ती त्याच्यावर. तो काढला तर पहिल्या मोठ्या लाटेत पत्रा फाकेल."

"मला शिकवतोस?"

"शिकवत नाही. पण बाक मी कापणार नाही."

बाबांनी काकांना नाही म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आणि लगेच धप्प! सगळी बोट घंटेसारखी घणघणली. मी तर घंटेच्या आतच बसलेली, दात हिरड्यांत हलले. आधी वाटलं काकांनी पत्र्यावर लाथ घातली. दुसऱ्यांदा धप्प झालं तेव्हा बाबा कण्हले. काकांनी त्यांची मान पकडली होती आणि ते त्यांचं डोकं पत्र्यावर आपटत होते.

बोटीच्या कडेखालून मला फक्त पाय दिसत होते. काकांचे बूट रोवून उभे. बाबांची एक चप्पल निसटलेली. मधे रक्ताचे थेंब, मग लाळेत लडबडलेला एक दात. आणि हातोडी! ती बाबांच्या हातातच होती, जमिनीकडे लोंबत. त्यांनी ती तसूभरही वर उचलली नाही.

तिसरा धप्प.

ठोकळा तीन किलोचा आहे. मी लोळत कडेपाशी गेले आणि तो जीव खाऊन काकांच्या घोट्यावर हाणला. आत काहीतरी कचकन मोडलं. काका कोसळले, आणि त्यांचं तोंड थेट माझ्या तोंडासमोर आलं.

"तू?"

त्यांनी माझे केस धरून मला बाहेर ओढलं. हनुवटी बोटीच्या काठावर चिरली. मी त्यांच्या मनगटाला चावले, तोंडात रक्त येईपर्यंत चावले, तेव्हा केस सुटले. मग ठोकळा त्यांच्या गुडघ्यावर घातला. आणखी एकदा उचलला, तर बाबांनी हात धरला.

"पुरे, बाळा."

आई धावत आली. तिघांना रक्तबंबाळ बघून ती किंचाळली नाही. तिनं बाबांच्या तोंडाला फडकं लावलं आणि अर्ध्या मिनिटात गोष्ट रचून मोकळी झाली. "बोट घोड्यांवरून घसरली. भावजींच्या पायावर पडली, तुमच्या तोंडाला लागली. हिची हनुवटीही त्यातच. दवाखान्यात मी बोलेन, तुम्ही नुसत्या माना हलवा."

एका बिचाऱ्या बोटीवर किती आळ!

"हो, बोटच घसरली," काका जमिनीवरून कण्हत म्हणाले. आईचं म्हणणं त्यांना पटायची ही पहिलीच वेळ. बाबांनीही फडक्याआडून मान हलवली.

"आणि तूही तेच सांगायचं," आई माझ्याकडे वळली. "पाय कोणी मोडला हे बाहेर गेलं तर तुझी शाळा, तुझं सगळं... कळतंय का?"

"कळतंय," मी म्हणाले. हनुवटीतून रक्त ठिबकत होतं, पण आवाज मस्त खणखणीत निघाला. "आई, बाबा, ऐका. काकांनी बाबांचं डोकं तीनदा पत्र्यावर आपटलं आणि काकांचा पाय मी मोडला. डॉक्टरांना मी हेच सांगणार आहे. त्यांनी पोलीस बोलावले तर पोलिसांनाही. तुम्ही दोघांनी काय सांगायचं ते वाटेत ठरवा."